सोमवार ते शनिवार

रविवारी सकाळी मंडळी माझ्यासमोर असते ती फार तर दोन तास. उरलेला आठवडा ती मुकादमासमोर, सावकारासमोर, तलाठ्यासमोर, भाऊबंदांसमोर उभी असते, आणि ख्रिस्ताच्या मागे चालणं म्हणजे काय याचा कस तिथं लागतो. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. इथल्या खेड्यांत आज पाचव्या-सहाव्या पिढीचे ख्रिस्ती आहेत. डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या आज्यांना तोंडपाठ होतं, ते मला नव्यानं शिकवावं लागलं नाही. ते प्रवचन उसाच्या फडात, सरकारी दवाखान्यात, शेताच्या बांधावर आणि लग्नाच्या बोलणीत पाळायचं कसं, हा प्रश्न घेऊन मात्र लोक येत राहिले. त्यांच्याबरोबर उत्तर शोधताना जे हाती आलं ते इथं मांडतो.

१.

नाताळ मंडळीच्या मागे गेला पाहिजे. शेवगाव-पाथर्डीकडच्या मंडळ्यांत डिसेंबरात चर्चमध्ये म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. कमावती जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून गेलेली असतात, ती पाडव्याच्या आसपास परततात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि कुणाच्या लग्नात, कुणाच्या आजारपणात, कुठं बोअर मारण्यात ती संपलेलीही असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस काम बुडालं की खाडा, आणि त्याची रक्कम उचलीच्या हिशेबात चढते. पंचवीस डिसेंबरही त्यातून सुटत नाही.

म्हणून आमची नाताळची एक उपासना फडावर होते, रात्री. कोप्यांपुढच्या मोकळ्या जागेत सतरंज्या, एक ढोलकी, टाळ, उजेडाला कधी बॅटरी तर कधी उभ्या ट्रॅक्टरचा दिवा. भजनं सगळ्यांना पाठ असतात, पुस्तक लागत नाही. उपदेश मी पंधरा मिनिटांच्या वर नेत नाही, कारण गाडी भरायची हाक केव्हाही येते आणि निम्मी मंडळी उठून जाते. ती तिकडं मोळ्या चढवते, इकडं गाणं चालू राहतं, आणि जाणाऱ्यांपैकी कुणाला आपण उपासनेतून उठलो असं वाटू नये याची मी काळजी घेतो. बैल शेजारीच बांधलेले असतात. सरकारी नावनोंदणीसाठी घर सोडून निघालेलं जोडपं, बाई दिवस भरत आलेली, मुक्कामाला जागा नाही, बाळ गव्हाणीत ठेवलेलं. लूकच्या शुभवर्तमानातली ही हकिगत समजावून सांगावी लागते ती शहरातल्या मंडळीला. फडावर समोर बसलेल्यांपैकी एखादीचं बाळंतपण अशाच कोपीत झालेलं असतं.

या बायकांनीच आमच्या नाताळचं रूप बदललं. एकीनं विचारलं, "पाळकसाहेब, पुढच्या खेपेला येताना एखादी डॉक्टरीणबाई आणाल का? गडीमाणसाला आम्ही काय सांगणार?" ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न बीड जिल्ह्यातून २०१९ साली विधिमंडळात पोचला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आमच्या बायकांना तो वर्तमानपत्रात यायच्या कितीतरी आधी ठाऊक होता. मोळ्या डोक्यावर वाहून वाहून ओटीपोट दुखतं, पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी, आणि दवाखान्यात गेलं की खाडा. आता फडावर जाताना केकच्या डब्याबरोबर रक्तदाब मोजायचं यंत्र, लोहाच्या गोळ्या आणि मिशन दवाखान्यात जन्म घालवलेली एक निवृत्त डॉक्टरीण असते. तपासणी आधी, उपासना नंतर. या क्रमावरून मंडळीच्या वडीलजनांत बरीच चर्चा झाली. वाळल्या हाताच्या माणसाला येशूनं बरं केलं ते शब्बाथाच्या दिवशी, भर सभास्थानात, सगळ्यांच्या देखत. सोहळा आटपायची वाट त्यानं पाहिली नाही. एवढं वाचून दाखवल्यावर चर्चा संपली.

२.

प्रार्थना करावी आणि गोळ्या चुकवू नयेत. आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करणं हे माझं काम आहे आणि मी ते पूर्ण विश्वासानं करतो. देव बरं करतो. पण क्षयाच्या रोग्याच्या घरी गेलो की प्रार्थनेआधी मी गोळ्यांचं पाकीट मागून पाहतो. नेहमीच्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगावर मूठभर मांस चढतं, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी त्याला साक्ष द्यायला उभं करतं: प्रभूनं बरं केलं, आता औषध कशाला? औषध मध्येच सुटलं की उरलेले जंतू पुन्हा उठतात, आणि औषधाला न जुमानणारे होऊन उठतात. मग उपचार लांबतो, जड जातो, तोवर घरातल्या लेकरांना लागण झालेली असते. औषध सोडायला लावणारी साक्ष ही देवाच्या नावावर खपवलेली खोटी गोष्ट आहे, असं मी व्यासपीठावरून नाव न घेता पण स्पष्ट बोलतो. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला, तो ख्रिस्ताच्या नावानंच. मिशन दवाखान्यांत शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करायची पद्धत आहे; प्रार्थना झाली म्हणून तिथं कुणी शस्त्रक्रिया रद्द करत नाही. आमच्या मंडळीत क्षयातून उठलेल्याची साक्ष सहाव्या महिन्यानंतर होते, तपासणीचा अहवाल हातात आल्यावर. त्या दिवशी टाळ्या वाजवायला मी सगळ्यांत पुढं असतो.

३.

हिशेब मोठ्यानं वाचावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभूभोजनाच्या आधी, आमचे खजिनदार अर्पणाचा जमाखर्च वाचून दाखवतात: वीजबिल किती, विधवांना किती, पाळकाच्या पगारात किती. मंडळीतल्या कुणालाही पावतीपुस्तक मागता येतं. जिथं पैशाबद्दल कुजबुज सुरू होते तिथं उपदेश कानापर्यंत पोचत नाही.

४.

गरिबाचं दान परत करू नये. आमच्याकडं हंगामाचा सण होतो. ज्याच्या शेतात जे पिकलं ते तो वेदीपुढं आणून ठेवतो: बाजरी, तूर, भोपळा, कोंबडी, अंडी. उपासना झाली की आवारात लिलाव. एकच अंडं कुणी शंभराला घेतो, पुन्हा देवाला देतो, ते दुसरा घेतो, तिसरा घेतो, आणि शेवटी ते आजारी म्हातारीच्या घरी जातं. एका वर्षी या सणाला एका घरून ओंजळभर ज्वारी आली. त्या वर्षी त्या घरात खायलाच पुरेसं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. ती ज्वारी गुपचूप परत पोचवावी असं एका वडीलजनानं सुचवलं, चांगल्याच मनानं सुचवलं. मी नको म्हटलं. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेला येशूनं थांबवलं नाही. त्यानं शिष्यांना तिच्याकडं बघायला लावलं. देण्याचा मान त्या घराचा होता, तो काढून घेणारे आपण कोण? ज्वारी लिलावात गेली आणि तिला चढी बोली लागली. त्या घराला धान्य द्यायचं होतं ते आम्ही दिलंच, पण दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वाटेनं.

५.

लग्नाच्या रजिस्टरवर सही करण्याआधी मुलीशी एकटीशी बोलावं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली पाळकाला लग्न लावण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार नाही म्हणण्यासाठीही आहे. दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले पाहिल्याशिवाय मी तारीख देत नाही. मुलगी अठराची नसेल तर लग्न लागत नाही, मग मांडवाचा विसार गेला असला तरी. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, हे ऊसतोडीच्या गावांत लवकर कळतं. आईबाप सहा महिने फडावर; वयात आलेली पोर घरी एकटी ठेवायची कशी, या धास्तीनंच तिचं लग्न उरकलं जातं. शिवाय लग्न झालं की एक कोयता वाढतो. तेव्हा लग्नाला नकार देणाऱ्या मंडळीनं त्या पोरीच्या राहण्याजेवणाची जबाबदारी घ्यायला हवी. कुणाला वसतिगृहात जागा मिळवून दिली, कुणी मंडळीतल्या एखाद्या शिक्षिकेच्या घरी राहिली. दिवाळी ते पाडवा एवढाच प्रश्न असतो. तो सुटला की बहुतेक आईबाप स्वतःच म्हणतात, शिकू दे.

आणि एकटीशी बोलताना मी दोनच गोष्टी विचारतो. तुझ्या मनाविरुद्ध चाललंय का? आणि तुझ्या घरून काय मागितलंय? हुंड्याला आता गाडीचा हप्ता, फर्निचर, मुलाच्या नोकरीसाठी भरायची रक्कम अशी नावं आहेत. मागणी कळली की मुलाकडच्यांना मी चर्चच्या ऑफिसात बोलावतो, लग्नाच्या सूचना रविवारी वाचणं थांबवतो. सूचना थांबली की गावभर कळतं. तेवढं पुष्कळदा पुरतं.

६.

भाकर मोडण्याआधी बांध मिटवावा. वेदीशी अर्पण घेऊन आलेल्याला भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर त्यानं अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जावं, असं येशूनं सांगितलं. आमच्याकडं भावाचं भावाविरुद्ध जे असतं ते बहुधा बांधाबद्दल असतं. नांगरताना एक तास इकडचा तिकडं गेला, विहिरीच्या पाळीत दोन तास कमी आले, चुलत्यानं वाटणीत झाड ठेवून घेतलं. दोन सख्खे भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि एकाच ताटातली भाकर घ्यायचे. एका शनिवारी संध्याकाळी दोघांना त्यांच्याच बांधावर बोलावलं. प्रार्थना केली, पण प्रार्थनेनं बांध कुठं आहे ते ठरत नाही. सरकारी मोजणी मागवा म्हटलं तर फी कुणी भरायची यावरून पुन्हा जुंपली. फी मंडळीनं भरली. मोजणीच्या दिवशी भूकरमापकाबरोबर मीही उन्हात दिवसभर उभा होतो. खुणेचे दगड रोवले गेले आणि धाकट्याची सरशी झाली. थोरला त्यानंतर कितीतरी दिवस चर्चला आला नाही. मी दर आठवड्याला त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचो, शेताचा विषय न काढता. समेट हा एका संध्याकाळचा कार्यक्रम नसतो. न्याय झाल्यावर ज्याच्या विरुद्ध न्याय झाला त्याच्याकडं जाणं हे पाळकाचं खरं काम, आणि त्याला वेळ लागतो.

७.

कागदावरच्या नावावरून कुणाच्या विश्वासाचा निवाडा करू नये. आमच्या बहुतेक घरांचे पूर्वज महार आणि मांग समाजातले. अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढं १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. केंद्र सरकारनं २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर नेमला. हे सगळं पोरांना पाठ आहे, कारण त्यांची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यावर लटकलेली असते. घरात सकाळ-संध्याकाळ येशूची प्रार्थना आणि दाखल्यावर हिंदू, अशी कितीतरी मुलं माझ्या मंडळीत वाढली.

त्यांना पेत्रानं येशूला नाकारल्याची गोष्ट सुनावणारे पाळक आहेत. माझ्याच्यानं ते होत नाही. खोटं लिहा असं मी कुणाला कधी सांगितलं नाही, आणि ज्याच्या बापानं लिहिलं त्या पोराला प्रभूभोजनापासून दूरही ठेवलं नाही. गावानं त्याची जात बाप्तिस्म्यानंतर विसरलेली नसते. वस्ती तीच, पाणवठ्यावरची नजर तीच. त्रास होताना जात मोजायची आणि आधार देताना धर्म विचारायचा, हा अन्याय आहे, आणि तो मी उघड बोलतो.

बोलताना आपल्याच अंगणाकडंही पाहावं लागतं. मंडळीत रोटीव्यवहार कधीचा झाला. बेटीव्यवहाराच्या वेळी मात्र मुलाचे आजोबा मूळचे कोण होते, हे हळूच विचारलं जातं. लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळंओवळं आणि जातीचा विटाळ आधी टाकला. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, १९०० साली घेतला. जन्मानं ख्रिस्ती असलेल्या आम्हा लोकांना त्यांच्या मागे पोचायला अजून बराच रस्ता चालायचा आहे.

८.

परोपकाराचा भार घरच्या बाईवर टाकू नये. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक प्रत्येक तरुण पाळकानं लग्नाआधी वाचावं. त्यांचे पती नारायण वामन टिळक मोठ्या मनाचे, कुणालाही घरी घेऊन येणारे, हातातलं देऊन टाकणारे. पण त्या औदार्याचं पीठ कुठून आणायचं याची चिंता लक्ष्मीबाईंनी केली. आमच्या घरी पाहुणा ठेवायचा की नाही हे पत्नी ठरवते. तिच्या नकारानंतर मी दुसरीकडं सोय पाहतो.

९.

मातीला जाताना आपली-परकी पाहू नये. आमची दफनभूमी मुरमाड आहे. खड्डा खणायला पहार चालवावी लागते आणि तो विकत खणून घ्यायचा नाही, मंडळीतल्या तरुणांनीच खणायचा, अशी जुनी रीत आहे. इंजिनिअर झालेला मुलगाही त्या दिवशी पहार धरतो. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, या रीतीची किंमत कळली. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, आणि पुष्कळ ठिकाणी वीसही येत नव्हती. आमच्या पोरांनी पीपीई किट घालून आमची माणसं मातीत ठेवली, आणि मग शेजारच्या वस्तीतून बोलावणं आलं तेव्हा तिरडीला खांदाही दिला. "पाळकसाहेब, आम्ही अग्नी दिला तर चालेल का?" असं एकानं फोनवर विचारलं. त्या मयताचा मुलगा परगावी अडकला होता. मी म्हटलं, त्याच्या मुलाला व्हिडिओ कॉल लाव, तो सांगेल तसं सगळं कर, त्यांच्या पद्धतीत काही कमी पडू देऊ नकोस. त्यानं तसंच केलं. त्या घराशी आमचं तेव्हापासून येणंजाणं आहे.

१०.

शेजाऱ्याच्या भक्तीचा मान राखल्यानं आपला विश्वास पातळ होत नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला जाताना आमच्या नगरवरून जाते. त्या वाटेवर वारकऱ्यांना पाणी, चहा, केळी देण्याचा विचार मंडळीतल्या महिला संघानं मांडला, तेव्हा काहींच्या मनात शंका आली: हे दुसऱ्या देवाच्या यात्रेला हातभार लावणं तर नाही? शंका प्रामाणिक होती, म्हणून तिच्यावर एक पूर्ण बुधवारची प्रार्थनासभा दिली. वाटेत लुटून टाकलेल्या माणसाचं मंदिर कुठलं, हे दयाळू शोमरोन्यानं विचारलं नव्हतं; आणि ती गोष्ट सांगताना येशूनं नायक निवडला तो आपल्या श्रोत्यांना परका वाटणारा. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' उभा केला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही येऊ शकत होते. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचा पिंड पोसला होता, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. नगरच्या मंडळीला वारकरी परका वाटावा, असं आमच्या इतिहासात काही नाही.

आम्ही तिथं पत्रकं वाटत नाही. कुणी विचारलं तर चर्चचं नाव सांगतो. पहिल्या वर्षी एक आजीबाई केळं हातात घेऊन म्हणाल्या, "माउली, तुम्ही कोणच्या गावचे?" त्यांच्या तळपायाला फोड आले होते, चप्पल रस्त्यात तुटली होती. आमच्यातल्या एका परिचारिकेनं तिथंच खाली बसून पाय धुतले, मलम लावलं, पट्टी बांधली. मग रांगच लागली, आणि चहाच्या टेबलापेक्षा त्या पाटाभोवती गर्दी जास्त झाली. मंडळीत परिचारिका पुष्कळ आहेत, सरकारी दवाखान्यांत आणि खाजगीतही. पुढच्या ज्येष्ठात पालखी येईल तेव्हा दोन पाट मांडायचे, मलमपट्टीचं सामान घाऊक आणायचं आणि चपलांचे जोड गोळा करून ठेवायचे असं त्यांनी ठरवलं आहे. त्यांच्या रजेचे अर्ज आत्ताच गेले आहेत, आणि चपला ठेवायला पाळकनिवासातली पुढची खोली मी रिकामी करून दिली आहे.